पाईपच्या तोंडाशी

भाट्ये पुलाच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. तीस वर्षं सायलेन्सर बनवतोय. भागोजीच्या व्हॅनला मी त्याच्या हौसेखातर मोठ्या तोंडाचा पाईप बसवला होता. आवाज दणदणीत झाला, पण गाडीचा दम गेला. पाईप नको तेवढा रुंद झाला की धूर रेंगाळतो, मागच्या धुराला ओढून नेत नाही, मग इंजिनला नवा श्वास कुठून मिळणार? हे मला ठाऊक होतं. तरी बसवला, गाढवासारखा.

परवा सकाळी तो बायकोला घेऊनच आला. मासळी बाजारात जिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ती आवडाबाई दोन शब्द बोलून धाप लागून थांबत होती.

"डॉक्टरांनी आजच्या आज कोल्हापूरच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलंय," भागोजी म्हणाला. "गाडी हातखंब्याचा चढ चढत नाय, देवदत्तभाऊ. आंबा घाट कशी चढायची?"

"अँब्युलन्स बघ ना."

"ती ऐकत नाय. आपल्याच गाडीतून जायचं म्हणते."

मला त्याच्याकडे बघायची लाज वाटली. लगेच रुंद पाईप काढला आणि जुन्या मापाचा जोडला. आवडाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. हवा खेळावी म्हणून मागचं दार उघडं ठेवलं होतं. खाडीवरून पांढुरकं ऊन येत होतं, पाण्याखालून बघावं तसं सगळं मंद दिसत होतं.

भागोजीला इंजिन चालू करायला लावलं आणि सवयीने पाईपच्या तोंडाशी तळहात धरला. फडफड एकसारखी लागली. पण तिच्या मधूनच एक झुळूक येत होती. सावकाश, गार, खाडीच्या गाळाच्या वासाची.

कुठेतरी गळतंय, असं वाटलं. इंजिन बंद करायला सांगितलं.

फडफड थांबली. झुळूक थांबली नाही. बाहेर यायची, मग हलकेच आत ओढली जायची.

मी वर पाहिलं. आवडाबाईची छाती त्याच लयीत हलत होती.

मी मेकॅनिक माणूस, तपासल्याशिवाय मानत नाही. तळहाताने पाईपचं तोंड बंद केलं.

तिची छाती थांबली.

हात झटकन काढला. ती पुन्हा श्वास घेऊ लागली. डोळे न उघडताच हसली. "आता कसं मोकळं मोकळं वाटतंय," म्हणाली, एका दमात.

भागोजीला सांगायला हवं होतं. भाऊंचं डोकं फिरलं म्हणाला असता, म्हणून भ्यालो. "जपून जा," एवढंच म्हटलं.

दुपारी त्याचा फोन आला.

"गाडी भरभर चढली, भाऊ. हिला आत घेतलंय. डॉक्टर म्हणतात, छाती एकदम साफ हाय."

"गाडी कुठे लावलीस?"

"हॉस्पिटलच्या आवारातच. वॉचमन जागा नाय म्हणून कटकट करत होता. आत्ताच मागं घेऊन पार पाईप भिंतीला टेकेपर्यंत लावली."

"भागोजी, गाडी पुढे घे."

पलीकडे आतून कोणीतरी त्याला घाईने हाक मारत होतं.