जमिलाबीची ओळ

लग्नाची हळद तेरमध्ये काही घरांत अजून जात्यावर दळतात. निकिताच्या हळदीला मी धाराशिवहून सकाळच्या बसनं आले, ती पाहुणी म्हणून कमी आणि तिच्या आईसाठी, मथुरामावशीसाठी, जास्त. अर्धांगाचा झटका आल्यापासून मावशीची वाचा गेली होती. दवाखान्यात अशा रुग्णांची वाचा परत आणणं हे माझं कामच आहे, पण माझे सगळे उपाय पालथ्या घड्यावर पाणी ठरले होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि नातेवाइकांच्या अंगाऱ्यांवर त्याहून नाही.

"फरहानाताई, सासरी जायच्या आदी आईनं एकदा नावानं हाक मारावी," एवढंच निकिताचं मागणं होतं.

बोलणं हरवलेल्या माणसाला कधीकधी गाणं आधी सापडतं. म्हणून मावशीला जात्याशी बसवलं. समोर मी बसले, माझ्या अम्मीच्या जागेवर. अम्मी, म्हणजे जमिलाबी, वारली तोवर गल्लीतली प्रत्येक हळद या दोघी मैत्रिणींनीच दळली. त्यांची रीत ठरलेली होती. मावशीनं ओळ टाकायची, अम्मीनं यमक जुळवायचं, आणि त्या जुळलेल्या शब्दावरूनच मावशीनं पुढची ओवी उचलायची.

निकितानं हळकुंडांचे तुकडे जात्यात टाकले. मावशीचा डावा हात खुंट्यावर, त्यावर माझा. जातं घरघरायला लागलं. थोड्या वेळानं मावशीचे ओठ हलले.

"हळद दळीते, पिवळा झाला पाट..."

मला भरून आलं. घाईघाईत सुचेल ते मी जोडलं, "लेकीच्या सासराची लांब हाय वाट."

मावशीनं नाही म्हणून मान हलवली. माझा हात खुंट्यावरून बाजूला सारला. मी मागं सरकले.

तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली. एका ओळीला लागतो तेवढा वेळ.

"ताट वाढ म्हनतीस, येशील का मांडवात?"

पाटाला ताट जुळतं. पण ताट कुणी म्हटलंच नव्हतं.

पुन्हा तेवढीच शांतता. मावशी खुदकन हसली.

"आई," निकिता घाबरून म्हणाली, "कुनासंगं बोलतीस?"

"निके," मावशी म्हणाली. अगदी स्वच्छ. "जरा गप बस. जमिलाबीची ओळ चालू हाय."

निकिता रडत तिच्या गळ्यात पडली. मलाही रडू आवरेना, आनंदाचंच. मावशीनं खुंटा सोडून लेकीला जवळ घेतलं.

जात्याची घरघर चालूच राहिली.