दीड वाजताची भरती

पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या दाखवायचा आणि पाणी चढायच्या आत माणसं सुखरूप परत आणायची, एवढंच बाबामियाँला त्या सकाळी करून दाखवायचं होतं. ओमानच्या किनाऱ्याजवळच्या या राखीव बेटावर, तिवरांच्या जंगलात, तो बारा वर्षं पाहुण्यांना फिरवत होता. यंदा नवा नियम आला. परीक्षा द्या, कार्ड घ्या, नाहीतर गावी जा. छप्पन्नाव्या वर्षी परीक्षा! आणि परीक्षक कोण, तर बेटाचा रखवालदार खमीस, ज्यानं या चिखलात पाय टाकायला बाबामियाँकडूनच शिकून घेतलं होतं. आज मात्र खमीस तोंड शिवून सगळ्यांच्या मागून चालत होता. परीक्षकाला बोलावं लागलं की वाटाड्या नापास, असा कायदाच होता.

पाहुणे दोघंच. राजधानीतल्या अल् खुवैरमध्ये नोकरी करणारा गुरुदत्त आणि त्याची बायको विद्या. बोट रेतीला टेकली तसं गुरुदत्तानं विचारलं, "चाचा, गाव खंयचा तुमचा?"

"दाभोळच्या खाडीवरचा."

"मी देवगडचो. म्हणजे आपण खाडयेचेच."

झालं! बारा वर्षं इंग्रजीची मोळी वाहून वाकलेल्या माणसाला कुणीतरी गाव विचारलं होतं. बाबामियाँ पाघळला. कालवांपासून मुळ्यांच्या शिंपल्यांपर्यंत, होडीपासून पागाच्या जाळ्यापर्यंत सगळं निघालं. ओहळाच्या काठाशी आले तेव्हा गुरुदत्त बोटांवर मोजत म्हणाला, "आज वद्य बीज ना? तिथी दुसरी, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती. म्हणजे साडेसातला ठार ओहोटी."

"बरोबर. दहापर्यंत पाण्याची काळजी नको," बाबामियाँ म्हणाला.

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही करतं आणि तिथं तो चुकत नाही. इथं पाणी दोन तास आधी फिरतं. हे बाबामियाँला पहिल्याच वर्षी, बोट गमावता गमावता कळलं होतं. पण त्या सकाळी तो मनानं इथं नव्हताच. ओहळात घोट्याऐवजी गुडघ्याला पाणी लागलं, तेव्हाही त्यानं वाऱ्यावर खापर फोडलं.

पलीकडे दाट तिवरं होती. चिखलातून वर आलेली मुळं, उन्हात लाल नांग्या उभारून बसलेले खेकडे, आणि पानापानावर सुकलेलं मीठ. तासभर ते वाकून, सरपटत, अंग ओरबाडत पुढे गेले. मग जुन्या तिवराच्या ढोलीतून खंड्याचं निळं डोकं बाहेर आलं. विद्यानं श्वास धरला. गुरुदत्त फोटो काढत सुटला. खुशीत बाबामियाँ आजोबांच्या पागाची गोष्ट सांगत बसला, आणि घड्याळाचा काटा नऊच्या पुढे सरकला.

"बाबा," मागून खमीस म्हणाला. "पानी."

खेकडे गायब होते. मुळं बुडत होती.

 परीक्षा तिथंच संपली होती, पण माणसं अजून ओहळापलीकडेच होती.

"चला! मागे बघू नका!"

ओहळ आता छातीला लागत होता. ओढ जबर होती. खमीसनं गुरुदत्ताचा दंड धरला आणि दोघं पार झाले. विद्या निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. पाय रुतले! ती ओढू लागली तशी आणखी खाली गेली. पाणी हनुवटीशी आलं.

राखीव जंगलात पान तोडणं गुन्हा. बाबामियाँनं हिरवी फांदी कडाकड मोडली आणि पाण्यात झेप घेतली.

"पाय ओढू नको पोरी. ही काखेत धर. आडवी हो, निजल्यावानी."

"चाचा, मला पोहता येत नाही."

"पोहायचं नाय. फक्त निजायचं."

ती फांदीवर आडवी झाली. त्यानं बुडी मारून तिच्या घोट्याभोवतीचा चिखल हातांनी उकरला. एकदा. दोनदा. तिसऱ्या बुडीला छाती फुटायची वेळ आली, आणि पाय सुटला! प्रवाहानं दोघांना ओढत नेलं, तेव्हा खमीस पुन्हा उतरून गळ्याइतक्या पाण्यात वाट अडवून उभा होता; त्यानं दोघांना धरून काठाला लावलं.

ते बोटीपाशी पोचले. विद्या रडत होती. गुरुदत्त खाली मान घालून म्हणाला, "चाचा, भरतीची वेळ मी काढलंय. तसाच सांगा. चूक माझी."

"तुम्ही पाहुणे. वाटाड्या मी."

खमीसनं कोरा फॉर्म गुडघ्यावर ठेवला. "बाबा, मैं कुछ नहीं बोला. तुमने खुद पानी देखा. ठीक?"

एक शब्द पुरे होता. कार्ड, बोट, बेट, सगळं तसंच राहिलं असतं. बाबामियाँला ते इतकं हवं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली.

"कल फिर कोई गाँव का पूछेगा," तो म्हणाला. "मैं फिर खुश हो जाऊँगा. लिखो, खमीस. फेल लिखो."

 खमीस आणखी एकदा आग्रह करेल, निदान एकदा, असं बाबामियाँला वाटलं. खमीसनं केला नाही. त्यानं मान हलवली आणि लिहिलं.