बाबा आधीच वर गेलेत

हे मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट वेगळा केला असता.

गेल्या हिवाळ्यातली रविवारची दुपार. स्टेशनसमोरच्या गल्लीतली जुनी इमारत, तिसरा मजला.

बाबांना जाऊन महिना झाला होता. घरमालकाला आमची जागा परत हवी होती, म्हणून मी भाड्याचं घर शोधत होते. एरवी प्रत्येक घर आधी बाबा बघायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली, कान तिखट. वाकड्या मधल्या बोटाने भिंती ठोकत फिरायचे.

टक... टक-टक.

सगळ्या खोल्या झाल्या की बाहेर येऊन एकच शब्द, "घे." नाहीतर चपला घालून सरळ चालू पडायचे.

एजंट जिन्याशी उभा होता.

"या ताई! गॅसवर चहा ठेवून गाडी पकडाल, इतकं जवळ स्टेशन. काका आधीच वर गेलेत."

"कोण काका?"

"तुमचे वडील ना? म्हणाले, मुलगी मागून येतेय. भारी चौकस हो! मी जरा कौतुक करायला गेलो, तर म्हणे, तू गप्प बस, भिंतीला बोलू दे."

हे वाक्य बाबांचंच होतं.

मी वर धावले. दार सताड उघडं.

हॉल रिकामा. स्वयंपाकघर रिकामं.

आणि आतल्या खोलीतून...

टक... टक-टक.

आत कोणीच नव्हतं. खिडकी बंद. भिंतीवरच्या धुळीत बोटाच्या पेराएवढे ठसे, ओळीने.

"बाबा?"

ठोकणं थांबलं.

"घेऊ का?"



एजंट धापा टाकत आला. "काय, काकांना पसंत ना? गेले कुठे?"

"पसंत आहे," मी म्हणाले.

बाबांनी तसं सांगितलं नव्हतं. पण बाबा तिथे होते. मला तेवढं पुरे होतं.

राहायला आल्यापासून ठोकणं सुरूच आहे. गाडी जाते, इमारत थरथरते, स्थिरावते, आणि मग...

टक.

वाटलं, अजून तपासतायत. झालं की बाहेर येतील, "घे" म्हणतील. त्यांच्या चपला मी दाराशी मांडून ठेवल्या.

काल संध्याकाळी भिंतीला कान लावला.

आवाज खोलीतून येत नव्हता, शेजारच्या घरातूनही नाही...

भिंतीच्या आतून येत होता. घाईघाईने. आधी इथे, मग तिथे.

बाबा भिंत तपासत नव्हते. बाहेर पडायला पोकळ जागा शोधत होते.

मग मीही त्यांच्यासारखंच बोट वाकवून एकेक भिंत ठोकत गेले. हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली.

कुठेच पोकळ नाही.

घर अगदी भक्कम आहे.