रिकामी होडी सरळ जात नाही

ताईला होडी चालवायला शिकवलं ते तिच्या धाकट्या भावाने, आणि शिकवताना त्याने तिचा असा काही छळ मांडला की विचारू नका. "अगं ताई, डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे! किती वेळा कानीकपाळी ओरडू?" मागच्या इंजिनाला जोडलेला तो लांब दांडा चालतोच उलटा. ज्या बाजूला ढकलाल तिच्या विरुद्ध बाजूला होडी वळते. हे ताईच्या डोक्यात शिरायचं, पण हातात उतरायचं नाही. जरा घाबरली की बाईसाहेब जिकडे जायचं तिकडेच हँडल रेटायच्या. मग धाकटा पोट धरधरून हसायचा.

त्याचं ते हसू ऐकून आता पंधरवडा होत आला होता. जाळी काढायला एकटाच गेला, तो परत आलाच नाही. होडी तेवढी मिळाली. पेट्रोल संपलेलं, नाक बंदराकडे, आत माणूस नाही.

धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करणारे म्हातारे मेस्त्री ती होडी बघून तोंड वाकडं करून उभे राहिले होते.

"हे मला पटत नाही," ते म्हणाले. "एवढं दांडगं इंजिन. हँडल सोडलं की एका अंगाला ओढतं आणि होडी गरगर फिरत बसते. रिकामी होडी कधी सरळ जात नाही, ताई. ही जाळ्यापासून इथवर सरळ कशी आली?"

"वाऱ्याने आली असेल," ताईचा नवरा म्हणाला. त्याचं धक्क्यावरच बर्फाचं दुकान होतं, आणि पाण्याचं त्याला इतकं वावडं की होडीत पाय ठेवायच्या आधीच त्याला मळमळायचं.

शोध घेणारे चार दिवसांत दमले. ताई दमली नाही. रोज उजाडलं की ती धाकट्याची तीच होडी काढायची आणि एकेक खाडी, एकेक खडक धुंडाळायची. जिवंत नाही तर नाही, पण भाऊ हाती लागल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवरा रोज चिडायचा, रोज डबा भरून द्यायचा.

आता एवढ्या मोठ्या होडीत एकट्या माणसाची एक पंचाईत असते. हँडल धरणारा मागे, उजव्या कडेला बसतो. त्याच्या आणि इंजिनाच्या वजनाने होडीची शेपटी खाली बसते, नाक आभाळात जातं, शिवाय सगळी होडी उजवीकडे कलते. म्हणून पुढे डाव्या बाजूला वाळूची पोती ठेवायची. धाकट्याने हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

एके सकाळी ती पोती ठेवायला विसरली. अर्ध्या वाटेत तिच्या ते ध्यानात आलं, कारण होडी कललीच नव्हती. नाक खाली, दोन्ही कडा सारख्या. पुढच्या डाव्या फळीवर कोणी बसलं असावं अशी होडी निवांत चालली होती.

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग डोळे भरून आले. ती कोणाला काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पोती धक्क्यावरच राहू लागली.

"पोती कुठायत?" मेस्त्रींनी विचारलं.

"नकोत. बरी चालते तशीच."

मेस्त्रींनी वाकून होडीच्या कडा निरखल्या. "ताई, कोणाला बरोबर नेतेस का?"

"छे हो! कोण येणार माझ्याबरोबर?"

ती त्या फळीशी बोलू लागली. घरचं सांगायची, नवऱ्याच्या चुगल्या करायची, मध्येच रडायची. काही दिवसांनी होडीची चाल बदलली. नाक थोडं वर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी वर. वजन मागे सरकत होतं, पुढच्या फळीवरून मधल्या फळीवर. ताईला बरंच वाटलं. जवळ येतोय, म्हणाली. तो लहानपणीही असाच, रुसला की लांब बसायचा आणि मग हळूहळू सरकत यायचा.

त्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. बंदर दिसेना, सूर्य दिसेना. पाणी आणि आकाश एकच झालं. ताईने वेग कमी केला तरी नाक उंचच राहिलं. मागची कड पाण्याला टेकायला आली होती. होडी मात्र कलली नव्हती. ताईच्या अगदी शेजारी, इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला, तिच्याइतकंच वजन बसलं होतं.

ओल्या दोराचा वास आला. धाकट्याच्या अंगाला कधी असा वास यायचा नाही.

समोर एकदम खडक.

ताई घाबरली, आणि जे व्हायचं तेच झालं. डावीकडे वळायचं म्हणून तिने हँडल डावीकडेच रेटलं.

हँडल हललं नाही.

मग ते सावकाश, तिच्या हातासकट, उजवीकडे गेलं. होडी डावीकडे वळली. खडक कडेला घासण्याइतक्या जवळून निघून गेला.

"धाकट्या!" ताई हुंदके देत म्हणाली. "तूच ना रे? मला ठाऊक होतं!"



तिने हँडल सोडलं. होडी गरगरली नाही. धुक्यातून दोरी ताणल्यासारखी सरळ चालली. ताई मोकळे हात मांडीवर ठेवून बसली, आणि धक्का दिसू लागला तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून मायेने म्हणाली, "पुरे झालं आता पाण्यावर. चल, माझ्याबरोबर घरी चल."

नवरा धक्क्यावर फोन हातात धरून नुसता नाचत होता.

"अगं सापडला! जिवंत आहे! कुठल्याशा मालवाहू जहाजाने उचलला, लांबच्या बंदरात नेऊन दवाखान्यात टाकला. शुद्धच नव्हती, नाव कोण सांगणार? आज बोलला! घे, घे, तोच आहे!"

ताईने कसाबसा दोर बांधला, वर चढली.

"ताई," फोनवर धाकट्याचा आवाज होता. खोल गेलेला, पण त्याचाच. "होडी मिळाली?"

"मिळाली रे राजा. तू कसा आहेस?"

"मी मुद्दाम उडी मारली, ताई." तो श्वास घ्यायला थांबला. "होडीत एकटी जाऊ नकोस. आणि गेलीसच, तर बोलू नकोस. काही झालं तरी त्याला ये म्हणू नकोस."

ताई वळली. खाली होडी दोराला बांधलेली होती. आत कोणी नव्हतं, तरी मागचा भाग पाण्यात खोल बसला होता.

मग होडी जराशी धक्क्याच्या बाजूला कलली, आणि मागची कड हळूच वर आली, कोणी उतरलं की येते तशी.