चंद्र उजवीकडे गेला

"माफीच मागायची असती तर तुमच्याकडे आलेच नसते," खुर्चीत न बसताच ती बाई म्हणाली.

खाजगी तपासाच्या त्या कचेरीत माणसं बहुधा रडत यायची. ही रागाने लाल झाली होती. कचेरी चालवणाऱ्या वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस, भाऊजी, यांना मात्र तो राग पाहताक्षणीच आवडला.

बाई लेझरने पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कोरायची. चित्राचा एकेक भाग एकेका शीटवर कोरायचा, पाच शीट्स लाकडी बैठकीच्या खाचांत एकामागे एक उभ्या करायच्या आणि खालून दिवा लावायचा. सजावटीच्या दुकानासाठी तिने असंच एक घर केलं होतं. पुढे कुंपण, उजवीकडे झाड, डाव्या खिडकीवर चंद्र. काही दिवस दिवा शोकेसमध्ये झळकला. काल सकाळी बघतात तर कोरलेल्या रेघांभोवती बारीक तडे!

"दुकानदार बाजारभर सांगत सुटलाय, माझं काम कच्चं म्हणून. लेखी माफी दिली तर गप्प बसेन म्हणतो. माझ्या ऑर्डरी परत जायला लागल्यात. धंदा बंद करीन, पण खोटी माफी मागणार नाही!"

"आपोआप तडकत नाही?" वहिनींनी विचारलं.

"स्पिरिट लागलं तर तडकतं. कोरलेल्या जागी आधी. पुसायचं तर साबणाचं पाणी, हे मी प्रत्येकाला बजावते."

बाईला घेऊन दोघं दुकानात गेले. दुकानदाराने भाऊजींशी हात मिळवले, लगेच गल्ल्याजवळची बाटली दाबून स्वतःचे तळवे चोळले आणि भाऊजींच्या हातावरही सॅनिटायझर ओतलं.

"कोण कुठून काय घेऊन येतं!" तो म्हणाला. "दिव्याला मी बोटही लावलेलं नाही. सुताराला विचारा, परवा बैठकीला पॉलिश करून गेलाय."

सुतार शेजारीच होता. "पॉलिशमध्ये स्पिरिट असतंच," त्याने तपकिरी बोटं पुढे केली. "पण हा रंग जिथे लागेल तिथे बसतो. शीटवर एक तरी डाग दाखवा."

शीट्स खरोखरच स्वच्छ होत्या. भाऊजींचा संशय आता दुकानदाराच्या सुनेवर गेला. शोकेस तीच पुसायची.

"बाहेरची काच पुसते, कोरड्या फडक्याने," ती म्हणाली. "दिवा नुसता बघते. त्या खिडकीवरचा चंद्र बघत चहा प्यायचा, हा माझा नेम. परवा संध्याकाळीसुद्धा प्यायले, सुतार गेल्यावर." सासऱ्यांची नजर पडताच ती फडकं घेऊन काचेकडे वळली.

वहिनींनी दिवा लावला. झाडावर चंद्र उजळला. छान आहे की, असं भाऊजींना वाटलं.

वहिनींनी शीट्सवरून नख फिरवलं.

"भाऊजी, चार शीट्स पुढून गुळगुळीत, मागून कोरलेल्या. ही एकच पुढून खरखरीत. चंद्राची. उलटी बसलीय, म्हणून चंद्र खिडकी सोडून झाडावर गेला."

"म्हणजे सुताराने..."

"तो गेल्यावरही चंद्र जागेवर होता. नंतर कुणीतरी शीट्स काढून पुसल्या आणि परत लावल्या. कोरणारी स्वतःचीच शीट उलटी लावणार नाही. सूनबाईंना तर चंद्राची जागा पाठ आहे. राहिला तो ज्याने हे चित्र कधी धड पाहिलंच नाही. मघाशी तुमच्या हातावर काय पडलं? त्यात काय असतं?"

"स्पिरिट!" भाऊजी आपल्या तळव्यांकडे पाहतच राहिले.

दुकानदाराचा चेहरा पडला. "गिऱ्हाइकांच्या बोटांचे ठसे उमटले होते हो! मुद्दाम नाही केलं."

"पुसलंत ते मुद्दाम नसेल, बाबा," सून एकदम म्हणाली. तिने बाईकडे बोट दाखवलं. "यांचं नाव खराब केलंत, ते?"

"बरं, बरं. बोभाटा नको. नवा करा, दाम देतो."

"नवा नको." बाईने चंद्राची शीट काढली, सुलट बसवली. चंद्र खिडकीवर आला, त्याच्याभोवतीचे तडेही लखलखले. "हाच इथे राहील. कुणी विचारलं तर तुमच्या तोंडाने सांगायचं."

तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं. "सुंदर आहे हो! पण हे तडे कसले?"

दुकानदार छताकडे बघू लागला.

"सांगा ना, बाबा," सून म्हणाली.