कूलरसमोरची फळी

"रोशनी, आज परत खाली आली!" विहंग स्टुलावरून ओरडला.

रोशनी धावत स्टुलाशी आली. मनीषनगरातल्या त्यांच्या सोसायटीत उन्हाळी शिबिराचा आज सातवा दिवस. हॉलच्या भिंतीवर भुसा दाबून बनवलेली लांब फळी होती, वर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे. फळी वाकल्यासारखी वाटली, म्हणून दोघं रोज सकाळी तिच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ मारत होती. फळी चक्क तीन बोटं खाली आली होती! आणि तिच्याखालीच बारकी पोरं चित्रं काढत बसायची. रोशनीचा पाच वर्षांचा भाऊ प्रशिकसुद्धा!

ती सेक्रेटरी श्रीधरकाकांना ओढतच घेऊन आली. "काका, फळी पडणार!"

काकांनी फळीवर दोन बुक्क्या हाणल्या. "दगडासारखी आहे! काहून घाबरून राहिली वं? वर्षभरापासून गठ्ठे इथंच आहेत."

"पण फळीसमोरचा हा कूलर आठवड्यापासूनच आहे ना! दुपारभर ओली हवा लागून फळी फुगते, रात्री वाळते. असं रोज होतं आणि रोज ती थोडी वाकते! हिचाच एक उरलेला तुकडा आम्ही वर वीट ठेवून कूलरपुढे मांडला होता. काल मारी बिस्किटासारखा तुटला!"

"संध्याकाळी पाहू. मले कामं आहेत."

दुपारी कूलर घरघरत होता. अचानक वरून आवाज आला, कर्रर्र! रोशनी ताडकन उठली.

"उठा रे, बाहेर चला!"

शिबिराच्या तारामावशींनी डोळे वटारले. "पोरांना भिववू नको! बाहेर ऊन किती आहे!"

कर्रर्र! आता काय करायचं? रोशनीला रडूच फुटणार होतं, तेवढ्यात विहंगने बोंब ठोकली, "बर्फगोला! फुकट बर्फगोला!"

सगळी पोरं धूम पळाली! तारामावशी ओरडत त्यांच्यामागे. एकटा प्रशिक तसाच बसलेला.

"माझा हत्ती राहिला!"

रोशनीने त्याची कॉलर धरली आणि फरफटत दाराकडे नेलं.

धाड!

फळीचे दोन तुकडे झाले. गठ्ठे नेमके प्रशिकच्या जागेवर आदळले होते. प्रशिकला घट्ट कवटाळून रोशनी हमसून हमसून रडली.

श्रीधरकाका धावत आले आणि पांढरेफटक पडले. "सकाळची वाळलेली फळी ठोकून मी मोठा शहाणा झालो! शाबास रे पोरांनो!" त्यांनी हॉलला कुलूप लावलं आणि किल्ली रोशनीच्या हातात दिली. "तू हो म्हणेपर्यंत आत कोणी बसणार नाही. मीसुद्धा नाही."