म्हातारीसमोर

सातखुंट बंदरातल्या बायका हल्ली बोंबील वाळत घालण्याआधी आभाळाकडे बघत नाहीत, मांडवाच्या खांबावर बसवलेल्या भोंग्याकडे बघतात. कुणीतरी मान वर करून विचारते, "काय रं, वारा कसा हाय?" आणि भोंगा शाळामास्तरी मराठीत उत्तर देतो, "उत्तरेचा आहे. कोरडा आहे. वाळत घालण्यास हरकत नाही." 'हरकत नाही' ऐकलं की जमनाबाई हमखास हसते. तिच्या नवऱ्याची, नरोत्तम तांडेलाची, जगातल्या झाडून साऱ्या गोष्टींना हरकत असते.

"आज कुठं गेलेत नरोत्तमकाका?" शेजारच्या मांडवावरून एका नव्या सुनेने विचारलं.

"म्हातारीसमोर," जमनाबाई म्हणाली, आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सून बिचारी लांबच्या गावची, तिला हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही.

तेवढ्यात भोंगा न विचारताच बोलला. "बाहेरच्या पाण्यात वारा वाढणार आहे. लहान होड्यांनी भरती फिरण्याआधी परतावं." हसणं थांबलं. जमनाबाईने बर्फाच्या कारखान्यावरच्या खिडकीकडे पाहिलं.

त्या खिडकीमागे रुचिता मेहेर बसते. पदूतांडेलाची मुलगी. समुद्रविज्ञान शिकली आणि मोठ्या शहरातली नोकरी नाकारून गावच्या मच्छीमार सोसायटीत परत आली. गाव तिला 'पटवाली' म्हणतं, कारण भोंग्याच्या तोंडून बोलणारा ओढपट तिच्या ताब्यात आहे. ओढपट म्हणजे पाण्याच्या ओढीचा जिवंत नकाशा. कुठलं पाणी कुठल्या दिशेला किती जोराने चाललंय हे तो दाखवतो, आणि उद्या कसं चालेल तेही सांगतो. उपग्रहाला समुद्राची नुसती साय दिसते. आतल्या पाण्याची खबर आणतात ते मणी. लिंबाएवढे, केशरी रंगाचे हे मणी प्रत्येक बोटीचा तांडेल आपल्या जाळ्याच्या तरंगत्या बोयाखाली बांधतो. पाण्याचा वेग, दिशा आणि ऊब मोजून ते बंदरातल्या मनोऱ्याकडे धाडत राहतात.

फक्त मण्याला एक गोष्ट कळत नाही, आपण कुठे आहोत ते. कळू शकली असती, मणी बनवणाऱ्या कंपनीने तशी सोय केलीही होती. पण त्यावरून सोसायटीच्या सभेत खुर्च्या उचलायची वेळ आली होती. पापलेट मिळण्याची जागा म्हणजे घराण्याची ठेव. बाप ती मुलाला सांगतो, तीही मुलाच्या अंगात दम दिसला तर. ती जागा उपग्रहाला सांगायची म्हणजे साऱ्या दुनियेला सांगायची! शेवटी रुचितानेच तोड काढली. जाळं टाकल्यावर यंत्र वायरलेसवर विचारेल, "जागा सांगा," आणि तांडेल आपल्या भाषेत सांगेल. खडकांची नावं, डोंगरांच्या खुणा, वावांत मोजलेली पाण्याची खोली, सगळं यंत्राला समजतं. सांगितलेली जागा कुणा माणसाच्या कानावर पडणार नाही, रुचिताच्यासुद्धा. "मग हरकत नाय," म्हणत पहिला हात तिच्या बाबांनीच वर केला होता. त्या तोडग्याचा रुचिताला मनापासून अभिमान होता.

आणि त्याचं फळही मिळालं होतं. बंदरापासून काही अंतरावर, किनाऱ्यालगतच्या पाण्यात, ओहोटीला डोकं वर काढणारा एक काळा खडक आहे. त्याला म्हातारी म्हणतात. या किनाऱ्यावर भरतीचं पाणी उत्तरेला चढतं आणि ओहोटीचं दक्षिणेला उतरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ओढपटाने दाखवलं की म्हातारीसमोर ओहोटी लागल्यावरही पाणी बराच वेळ उत्तरेलाच धावतं. रुचिताने त्यावर निबंध लिहिला. परिषदेत टाळ्या पडल्या. 'म्हातारीची ओढ' हे नाव तिनेच दिलं, आणि निबंधाचं पहिलं पान चौकटीत घालून आईने तिच्या कामाच्या खोलीच्या भिंतीवर टांगलं.

भरती नुकती फिरली होती, तेव्हा वायरलेस खरखरला. आवाज तिच्या धाकट्या भावाचा होता.

"ताय, होडीत पाणी घुसलंय. इंजिन गेलं. वाऱ्यानं म्हातारीपाशी आणून टाकलंय. ड्रम धरून उडी मारतो."

"हितेश, लाल बटण दाब! हितेश!"

बटण दाबलं गेलं; संकटात तेवढं एक बटण होडीची खरी जागा धाडतं. पडद्यावर म्हातारीच्या अगदी कुशीत लाल ठिपका उमटला, लुकलुकला आणि विझला. होडी बुडाली होती.

रुचिता ओढपटाकडे वळली. तिने यंत्राला विचारलं, ड्रम धरलेला माणूस इथून कुठे वाहत जाईल?

"वारा दक्षिणेकडे ढकलतो आहे," ओढपट म्हणाला, "पण म्हातारीची ओढ वाऱ्याहून भारी आहे. उत्तरेला शोधावं." पडद्यावर म्हातारीपासून वर एक केशरी पट्टा पसरला. तिने तो शोधपथकाला धाडला. हेलिकॉप्टर उडालं. बाहेरच्या पाण्यातल्या साऱ्या बोटी जाळी तशीच सोडून उत्तरेला वळल्या. ओढपटावर आता गावाचा विश्वास होता.

तास गेला. केशरी पट्ट्यात पाणीच पाणी होतं. उत्तरेचा वारा अंगावर घेणारी हिवाळ्यातली ती थंड दुपार. त्या पाण्यात माणूस किती वेळ ड्रम धरून ठेवू शकतो, हे रुचिताने शिकलेलं होतं आणि आता ते तिला आठवायचं नव्हतं. खाली आई आणि जमनाबाई जिन्यावर येऊन बसल्या होत्या.

मग तिला वाटलं, म्हातारीजवळचा एखादा ताजा मणी मिळाला तर पट्टा आणखी नेमका करता येईल. कुणाचा मणी कुठे आहे हे तिला विचारायची मुभा नव्हती. पण स्वतःच्या बापाला विचारायला कुणाची परवानगी लागते?

"बाबा, सकाळी जाळं कुठं मारलंत?"

"म्हातारीसमोर," पदूतांडेल म्हणाले. श्वास घ्यावा इतक्या सहज.

"मग हितेशची होडी दिसली कशी नाय तुम्हाला? तिथंच बुडाली ती!"

वायरलेसवर नुसती खरखर ऐकू येत राहिली.

आणि रुचिताला तो शब्द नव्याने ऐकू आला. म्हातारीसमोर! लहानपणी कुठे चाललीस विचारलं की ती स्वतः काय म्हणायची? म्हातारीसमोर. एवढं मोठं पापलेट कुठलं? म्हातारीसमोरचं. सातखुंटमध्ये या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुला काय करायचंय! खऱ्या म्हातारीसमोर जाळं टाकायचं कुणाच्या बापाच्या मनात आलं नसतं, तिथल्या कपारीत जाळ्याच्या चिंध्या होतात. हे तिला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं. तरी नकाशावर रंगीत बाण दिसले आणि तिने जन्माचं ठाऊक असलेलं बाजूला ठेवलं.

तिने यंत्राला विचारलं, "आत्ता पाण्यात असलेल्या मण्यांपैकी म्हातारीसमोर किती आहेत?"

"सगळे."

"तुला शंका नाही आली?"

"तांडेल खोटी जागा सांगतात अशी माहिती मला दिलेली नाही," ओढपट नम्रपणे म्हणाला.

आता सगळं उलगडत होतं. बोटी जातात त्या लांब, खोल पाण्यात. तिथे भरती उशिरा फिरते. किनाऱ्यालगत ओहोटी लागली तरी तिथलं पाणी उत्तरेलाच चाललेलं असतं. ते सगळं पाणी थापा मारून मारून गावाने आणून म्हातारीच्या पायाशी ओतलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्याने खोटं सांगितलं तर एवढ्या मोठ्या यंत्राला काय फरक पडतो? म्हातारीची ओढ कधी नव्हतीच. आणि तिच्या भरवशावर रुचिताने आपल्या भावाला भलत्या दिशेला शोधायला लावलं होतं.

रडायला वेळ नव्हता. तिने आधी शोधपथकाला कळवलं, "मी दिलेला पट्टा चुकीचा आहे. चूक माझी आहे. दक्षिणेकडे वळा, नेमकी जागा थोड्याच वेळात देते." मग तिने खुला चॅनल उघडला.

"मी पटवाली बोलते. सगळ्यांनी ऐका. हितेश सापडत नाय, कारण तुम्ही सगळ्यांनी म्हातारीसमोर जाळी मारलीत. मला खऱ्या जागा हव्यात. आत्ता. तुमचे मणी आपापल्या जागी बसले, तरच पाणी कुठं चाललंय ते यंत्राला कळंल."

मग नरोत्तम तांडेलाचा जाड आवाज आला. त्याचं आणि बाबांचं जाळी कापल्याच्या संशयावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. "पोरी, खुल्या चॅनलवर? बाहेरचे ट्रॉलरवालेपण ऐकतात हे. उद्या खरवडून नेतील सगळं."

"काका, यंत्रावर एकेकाची जागा घेत बसले तर उशीर होईल. आणि तुम्ही यंत्राला खरं सांगाल, यावर आता माझा विश्वास नाय. सगळ्यांच्या कानांवर सांगा."

रुचिताने डोळे मिटले. हेही तिने मनात धरलं होतं, की कुणी बोललं नाही तर ती हात जोडेल, शिव्या घालेल, पण चॅनल सोडणार नाही.

"पदू मेहेर बोलतो," तिच्या बाबांचा आवाज आला. "जागा. देवळाचा कळस शेंडीच्या डोंगराआड गेला की सरळ मावळतीला. वीस वाव पाणी लागलं की थांबायचं. खाली मऊ चिखल हाय." ते थांबले. "माझ्या आजाची जागा ती. घ्या, आता सगळ्यांची झाली."

पडद्यावर म्हातारीपाशी अडकलेला एक बाण सुटला आणि दूर पश्चिमेला जाऊन बसला. मग दुसरा आवाज आला, मग तिसरा. कुणी चिडून सांगत होतं, कुणी जाहीर सभेत नाव घ्यावं तसं ताठ आवाजात. एका म्हाताऱ्या तांडेलाला जागा सांगता सांगता हुंदका आला. नरोत्तमने सगळ्यांत शेवटी सांगितली आणि वर म्हणाला, "जमनाला सांगू नका, तिला मी दुसरीच सांगितलीय." जिन्यावर बसलेली जमनाबाई रडता रडता हसली.

बाण एकेक करून निघून गेले, तशी म्हातारीची ओढ पडद्यावरून पुसट होत गेली आणि नाहीशी झाली. भिंतीवरच्या चौकटीकडे रुचिताने पाहिलंसुद्धा नाही. खऱ्या जागांवरून यंत्राने मधल्या पाण्याचा हिशेब पुन्हा मांडला. नवा पट्टा अरुंद होता. म्हातारीपासून दक्षिणेला उतरून तो खाडीच्या तोंडापुढच्या वाळूच्या दांड्याकडे वळत होता. तिने तो शोधपथकाला धाडला, बोटींना वाचून दाखवला.

सगळ्यांत जवळ नरोत्तम होता. वाळूचा दांडा म्हणजे बोट रुतायची भीती, पण त्याने इंजिनाचा आवाज वाढवल्याचं वायरलेसवर ऐकू आलं. चॅनल कुणी अडवून धरायला नको, म्हणून सारं गाव तोंड मिटून बसलं होतं.

"पदू," नरोत्तम ओरडला. इतक्या वर्षांनी त्याने ते नाव घेतलं. "पदू, तुझा पोरगा गावला! ओठ निळे पडलेत, पण शिव्या देतोय. म्हणतो, एवढा उशीर का केलात!"

रुचिताने वायरलेस बंद केला आणि ती टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडली.

हितेश आठवडाभर अंथरुणात होता. तेवढ्यात रुचिताने परिषदेला पत्र लिहून निबंध मागे घेतला आणि भिंतीवरची चौकट उतरवली. आईने तीत हितेशचा फोटो घातला. पण दुसरीही एक गोष्ट झाली. बाहेरच्या बंदराचे तीन मोठे ट्रॉलर बरोबर वीस वावांवर, मऊ चिखलाच्या त्या जागी येऊन घिरट्या घालू लागले. पदूतांडेल आपल्या बोटीतून बघत राहिले. मुलीने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मासा पुन्हा येतो बाय. पोरगा आला नसता." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. रुचिताने त्याच संध्याकाळी सोसायटीपुढे मागणी ठेवली. मण्यांची खबर गावची, ती कुणाला दाखवायची हे गाव ठरवेल. ओढपट चालवणाऱ्या कंपनीचं उत्तर अजून यायचं होतं.

हितेश पुन्हा समुद्रावर गेला ती सकाळ शांत होती. होडी नवी होती, मणी नवा होता. त्याने जाळं टाकलं. बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत रुचिता ऐकत होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून सभेने जागा खुल्या चॅनलवर सांगायची आणि तिला ऐकायची मुभा दिली होती. चॅनलवर बाकीचे तांडेलही कान देऊन होते, आणि लांब कुठेतरी कदाचित ते तीन ट्रॉलरही.

"जागा सांगा," ओढपट नेहमीच्या शांतपणे म्हणाला.

पाणी होडीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"सांगतो. खरीच सांगतो," तो म्हणाला. "पण पहिलं तू सांग, ऐकतंय कोण?"

वारा, भरती, ओहोटी, साऱ्यांची उत्तरं असलेल्या यंत्राने पुन्हा एवढंच म्हटलं, "जागा सांगा." रुचिताने वायरलेसचं बटण दाबलं. तिचा भाऊ, तिचे बाबा, सारं गाव तिच्या उत्तराची वाट बघत होतं, आणि कंपनीचं उत्तर आल्याशिवाय तिला शपथेवर सांगता आलं नसतं की ऐकतंय कोण.